वाळूच्या मेजावरील रणांगण आणि सत्याचा शोध

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीच्या वर्गाला मी 'आपले गाव' या विषयावर एक लहानसा प्रकल्प करावयास सांगितला होता. एका हुशार मुलाने सुबक अक्षरांत पहिल्याच पानावर लिहिले होते की, 'महू' हे नाव म्हणजे 'मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर' या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे होत. मी विचारले, "हे तुला कोणी सांगितले?" तो म्हणाला, "सर, मोबाइलवर आहे. एकदा नव्हे, चार ठिकाणी आहे." चार ठिकाणी आहे म्हणजे ते खरेच असले पाहिजे, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

मी त्याला रागावलो नाही. रागावण्याचा अधिकार मला होता असेही मला वाटत नाही. माहिती कोठे मिळते हे आम्ही मुलांना शिकवितो. मिळालेली माहिती तपासावी कशी, हे मात्र शिकवावयाचे राहून जाते. हाच मुलगा उद्या महाविद्यालयात जाईल, कदाचित पीएच. डी.चा प्रबंधही लिहील. संशोधन करण्याची ही विद्या त्याला कोण देणार, कोठे देणार आणि कशी देणार?

अलीकडे या प्रश्नाचे एक नवे उत्तर ऐकू येते. संगणकाच्या पडद्यावर एक आभासी जग उभारावे, विद्यार्थ्याला त्या जगात सोडावे आणि तेथे त्याने प्रश्न विचारणे, टिपणे घेणे, पुरावा पारखणे शिकावे. ही कल्पना नवी वाटते खरी. परंतु आम्हा महूकरांना ती तितकीशी अपरिचित नाही. खोट्या जगात खरे शिक्षण देण्याचा उद्योग आमच्या गावात फार दिवसांपासून चालत आला आहे.

महूची छावणी वसली ती १८१८ साली. आदल्या वर्षी २१ डिसेंबरला महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला आणि त्या तहान्वये सर जॉन माल्कम याने येथे इंग्रजी फौजेचे ठाणे बसविले. स्वातंत्र्यानंतरही गावाचा लष्करी पेशा सुटला नाही. पायदळाची शाळा, दूरसंचार अभियांत्रिकीचे लष्करी महाविद्यालय आणि आज आर्मी वॉर कॉलेज म्हणून ओळखली जाणारी संस्था, अशी तीन मोठी विद्यालये येथे नांदत आहेत. तेव्हा महू हे शिपायांचे गाव आहे, त्याहून अधिक ते विद्यार्थ्यांचे गाव आहे. फरक इतकाच की, हे विद्यार्थी गणवेश घालतात.

माझ्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहत असत. संध्याकाळी ओट्यावर बसले की ते 'सॅन्ड मॉडेल'च्या गोष्टी सांगत. मोठ्या चौकटीत वाळू पसरावयाची. तिच्यातूनच टेकड्या उभारावयाच्या. निळ्या रंगाने नदी काढावयाची. हिरवा भुसा टाकला की झाले जंगल. काड्यापेटीएवढे ठोकळे मांडले की झाले गाव. मग भोवती अधिकारी बसत आणि शिक्षक विचारी, "शत्रू या टेकडीवर आहे. तुमच्याजवळ एवढी माणसे आहेत. दोन तासांत अंधार पडणार. काय कराल?" सुभेदार हसून म्हणत, "सर, त्या वाळूत मी किती वेळा मेलो असेन, त्याची मोजदादच नाही. तेथे मेलो म्हणून खऱ्या डोंगरावर वाचलो."

या विद्येचा उगम प्रशियात झाला. फॉन राइस्विट्झ नावाच्या एका गृहस्थाने १८१२ साली प्रशियाच्या राजाला युद्धखेळाचे एक मेजच नजर केले. प्रथम त्याने वाळूचा मुलूख केला होता. राजाकरिता म्हणून त्याने रंगविलेले साचेबंद तुकडे बनविले. त्याचा मुलगा तोफखान्यात अधिकारी होता. त्याने या करमणुकीला शास्त्राचे रूप दिले आणि १८२४ साली तिचे नियम प्रसिद्ध केले. खरा नकाशा, दोन्ही बाजूंच्या फौजांचे ठोकळे, नशिबाचा भाग म्हणून फासे आणि या सर्वांवर एक पंच. खेळणाऱ्यांनी आपापले हुकूम लिहून पंचाच्या हाती द्यावयाचे आणि पंचाने प्रत्येकाला तेवढेच दाखवावयाचे, जेवढे त्याला खऱ्या रणांगणावरून दिसले असते. टेकडीपलीकडचा शत्रू आपल्या ठोकळ्यांना दिसत नाही, म्हणून तो आपल्यालाही दिसावयाचा नाही.

श्रोतेहो, या नियमात मोठे मर्म साठविलेले आहे. आपल्याला काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही आणि जे ठाऊक आहे ते कशावरून, हे तीन प्रश्न खेळणाऱ्याला क्षणोक्षणी स्वतःस विचारावे लागतात. लष्करी विद्यार्थ्याकडून परिस्थितीचे जे लेखी मूल्यमापन करून घेतात, त्याचीही मांडणी अशीच असते. प्रथम उद्दिष्ट लिहावयाचे. मग जमीन, हवामान, वेळ, शत्रूचे बळ यांचा एकेक करून विचार. प्रत्येकातून निघणारा निष्कर्ष. पुढे मोकळे असलेले मार्ग. आणि शेवटी निवड व तिची कारणे. 'सैन्य' हा शब्द काढून 'पुरावा' हा शब्द घातला, तर प्रबंध लिहिणाऱ्याला हाच आराखडा उपयोगी पडेल.

परंतु या खेळाला एक भयंकर दुखणेही जडू शकते. १९४२ च्या मे महिन्यात जपानी नौदलाच्या अधिकाऱ्यांनी मिडवे बेटावरील स्वारीची रंगीत तालीम 'यामातो' या प्रचंड युद्धनौकेवर मेज मांडून केली. खेळात शत्रूच्या विमानांनी हल्ला केला, पंचाने नियमाप्रमाणे फासे टाकले आणि 'अकागी' व 'कागा' या दोन विमानवाहू नौका बुडाल्या असा निकाल निघाला. तेथे हजर असलेल्या सेनाप्रमुखांच्या मुख्य सहायकाला, ॲडमिरल उगाकी यांना, तो रुचला नाही. त्यांनी बॉम्ब लागल्याची संख्या कमी करविली आणि अकागी पुन्हा पाण्यावर तरंगू लागली. कागा बुडालेलीच ठेवली. पण पुढच्या मोहिमेच्या खेळात तीही परत आली! पुढच्याच महिन्यात खऱ्या समुद्रावर खरी लढाई झाली. जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या. त्यांत अकागी होती आणि कागाही होती. ही हकीगत त्या खेळाला हजर असलेल्या जपानी अधिकाऱ्यांनीच युद्धानंतर लिहून ठेवली आहे. मेज खोटे नव्हते, नियम खोटे नव्हते. पंचाचा निकाल वरिष्ठाच्या इच्छेपुढे वाकला आणि सारे शिक्षण व्यर्थ गेले.

आता वाळूच्या मेजावरून संगणकाच्या पडद्याकडे येऊ. २००३ साली अमेरिकेत 'सेकंड लाइफ' नावाचे एक आभासी जग खुले झाले. त्यात कोणीही यावे, स्वतःची एक चित्रमय आकृती घ्यावी आणि तिच्या रूपाने हिंडावे, बोलावे, घर बांधावे, बाजार मांडावा. हा युद्धखेळ नव्हे. किंबहुना त्यात जिंकणे-हरणेच नाही. म्हणूनच विद्यापीठांचे लक्ष तिकडे गेले. इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठाच्या माहितीशास्त्र विभागाने या जगात एक बेट घेतले आणि २००७ पासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तेथे संशोधनाचे प्राथमिक धडे देण्यास प्रारंभ केला. विद्यार्थ्याने त्या जगातील एखाद्या रहिवाशाची मुलाखत घ्यावयाची: तुम्हाला माहितीची गरज केव्हा पडली, ती तुम्ही कोठे शोधली, मिळाली काय? मग त्या उत्तरांचे पृथक्करण करून निष्कर्ष मांडावयाचा.

याच सुमारास कॅलिफोर्नियातील मानववंशशास्त्रज्ञ टॉम बेलस्टॉर्फ यांनी २००४ ते २००७ या काळात आपले सारे क्षेत्रकार्य त्याच आभासी जगात केले आणि २००८ साली त्यावर ग्रंथ लिहिला. एखाद्या दूरच्या बेटावर जाऊन तेथील लोकांत राहावे, तसे ते त्या जगात राहिले. पडद्यावरील घरे खोटी असली, तरी त्या घरांत बोलणारी माणसे खरी आहेत, तेव्हा त्यांना विचारताना संमती, सभ्यता आणि सचोटी हे संशोधनाचे नियम जसेच्या तसे लागू पडतात, ही गोष्ट त्यांच्या कामावरून स्पष्ट झाली.

आभासी जगाचा फायदा उघड आहे. लाजाळू मुलालाही तेथे अनोळखी माणसाशी बोलण्याचे धैर्य होते. चुकीचा प्रश्न विचारला तर पुन्हा विचारता येतो. बोललेले शब्द लेखी राहतात, म्हणून शिक्षकाला त्यांवर बोट ठेवून सांगता येते की, "पाहा, येथे तू उत्तर समोरच्याच्या तोंडात घातलेस." आपल्या देशातही आभासी प्रयोगशाळांचा उपक्रम केंद्र सरकारने हाती घेतला, तो यासाठीच की, ज्या महाविद्यालयांत उपकरणे नाहीत तेथील मुलांनाही प्रयोगाची ओळख व्हावी. २०२० साली साथीमुळे शाळा-महाविद्यालयांना कुलपे लागली, तेव्हा पडद्यावरचा वर्ग म्हणजे काय हे आपण सर्वांनीच अनुभवले.

परंतु मी जेव्हा या नव्या साधनाचा विचार करतो, तेव्हा माझे मन याच गावातील एका जन्मस्थानाकडे वळते. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते, याचा आम्हा शिक्षकांना विशेष अभिमान वाटतो. भीमराव तीन वर्षांचेही झाले नसतील तोच त्या कुटुंबाने महू सोडली. तरीही संशोधक कसा घडतो हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने त्यांचे विद्यार्थिजीवन पाहावे. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. पुढे लंडनला ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात सकाळी दार उघडताच ते शिरत आणि बंद होईपर्यंत उठत नसत. अर्धपोटी राहून त्यांनी जुने अहवाल, अंदाजपत्रके, चौकशी समित्यांचे कागद पालथे घातले.

त्या कष्टांतून 'रुपयाचा प्रश्न' हा त्यांचा प्रबंध उभा राहिला. परीक्षकांनी तो आहे तसा स्वीकारला नाही. ब्रिटिश राजवटीवरील टीकेची धार त्यांना सोसवली नाही. आंबेडकरांनी मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३ साली त्यांना लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. मिळाली. ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा त्याला प्रस्तावना होती त्यांचे गुरू एडविन कॅनन यांची. शिष्याची बरीच मते आपल्याला पटत नाहीत असे कॅनन यांनी तीत मोकळेपणाने लिहिले आणि तरीही त्यांतील ताजेपणाची वाखाणणी केली.

मिडवेच्या मेजावर उगाकी यांनी निकाल आपल्या मनासारखा करून घेतला. कॅनन यांना निकाल मनासारखा वाटला नाही, तरी त्यांनी पुराव्याला आणि शिष्याच्या स्वतंत्र बुद्धीला मान दिला. संशोधन शिकविण्याचे सारे रहस्य या दोन वृत्तींच्या अंतरात आहे. मेज वाळूचे असो, लाकडाचे असो वा विजेचे असो. ज्या शिक्षकाच्या खिशात उत्तर आधीच लिहून ठेवलेले असते, त्याच्या हाताखाली विद्यार्थी फार तर ते उत्तर ओळखावयास शिकेल. आभासी जग सराव देते. पण पंच प्रामाणिक हवा आणि सराव संपल्यावर खऱ्या टेकडीवर, खऱ्या कागदापाशी जाण्याची तयारी हवी. यांपैकी एकही गोष्ट यंत्राबरोबर विकत मिळत नाही.

आता त्या नववीतल्या मुलाची गोष्ट पुरी करतो. मी त्याला उत्तर सांगितले नाही. एकच प्रश्न दिला: "इंग्रज येण्यापूर्वी या गावाला काय म्हणत असत?" पंधरा दिवस तो भटकला. जवळच्या महूगावात जाऊन म्हाताऱ्या माणसांना भेटला. मग ज्या मोबाइलने त्याला चकविले होते त्याच मोबाइलवर त्याने माल्कमच्या काळच्या पुस्तकाची छायाप्रत शोधून काढली आणि धावतच माझ्याकडे आला.

"सर, माल्कमने महूच्या स्पेलिंगमध्ये तीनच अक्षरे लिहिली आहेत. एम, ओ आणि डब्ल्यू. त्यात एच नाहीच. मग हेडक्वार्टर्स आले कोठून?"

महूगाव हे खेडे मोगल काळापासूनचे. छावणीने त्याचेच नाव घेतले आणि चार इंग्रजी शब्दांची कथा मागाहून कोणीतरी रचली. हे मला ठाऊक होते. पण ते त्याचे त्याला सापडले, याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर जो दिसला, तो मी सांगितले असते तर खचित दिसला नसता. त्याने वहीचे पहिले पान फाडले नाही. त्यावर एक तिरकी रेघ ओढली आणि खाली लिहिले, "हे मी पूर्वी मानत होतो."

त्या ओळीला मी पूर्ण गुण दिले.