विमानातल्या खिडकीची कुळकथा

प्रवासी विमानाला खिडकी पहिल्यापासूनच होती. रशियात 1913 साली इगोर सिकोर्स्कीने बांधलेल्या ‘इल्या मुरोमेत्स’च्या बंदिस्त कक्षाला खिडक्या होत्या, 1935 साली पहिल्यांदा उडालेल्या डीसी-3 च्या खिडक्याही ऐसपैस, चौकोनी होत्या. ही विमाने कमी उंचीवरून जात. आतबाहेर हवेचा दाब सारखाच असल्याने खिडकीवर ताण पडत नसे, आणि खालच्या नद्या, शेते, रेल्वेचे रूळ सहज ओळखू येत.

ढगांच्या आणि वादळांच्या वरून उडायचे, तर कक्षात हवा दाबून भरणे आले. असे पहिले प्रवासी विमान, बोइंग 307, 1940 मध्ये सेवेत आले. आतला दाब जास्त असल्याने विमानाचे धड प्रत्येक उड्डाणात किंचित फुगते आणि उतरताना पूर्ववत होते. अशा धडाला पाडलेले प्रत्येक भोक ही नाजूक जागा ठरते. ताण साचतो तो भोकाच्या कोपऱ्यांपाशी.

हे ज्ञान फार महागात पडले. ब्रिटनचे कॉमेट हे पहिले जेट प्रवासी विमान 1952 साली सेवेत आले. 1954 च्या जानेवारीत एल्बा बेटाजवळ आणि एप्रिलमध्ये नेपल्सजवळ दोन कॉमेट हवेतच फुटली. 56 माणसे गेली. फार्नबरो येथे एक अख्खे कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून त्यात दाब पुन्हा पुन्हा चढवला-उतरवला गेला. खरी उड्डाणे आणि टाकीतल्या फेऱ्या मिळून सुमारे 3,000 वेळा दाब झेलल्यावर आपत्कालीन सुटकेच्या खिडकीच्या कोपऱ्यापाशी धड फाटले. एल्बाजवळ समुद्रातून काढलेल्या अवशेषांत तडा सापडला तो छतावर, अँटेनासाठी ठेवलेल्या झरोक्याशी. म्हणून प्रवाशांच्या चौकोनी खिडक्यांनी कॉमेट पाडले, ही प्रचलित समजूत अर्धीच खरी आहे. पुढच्या कॉमेटच्या खिडक्या मात्र गोलाकार झाल्या.

त्या काळातली सर्वांत विचारपूर्वक केलेली खिडकी फ्रान्सच्या कॅराव्हेलची. ती गोलसर कोपऱ्यांची त्रिकोणी होती, रुंद बाजू खाली. त्यामुळे भोक लहान राहूनही खालचे दृश्य कमी होत नसे. इंडियन एअरलाइन्सने 1964 मध्ये ही विमाने आणली. त्याआधीच्या तिच्या व्हायकाउंट विमानांच्या लंबगोल खिडक्या सुमारे 66 सेंटिमीटर उंच होत्या. मोठ्या खिडक्यांसाठी नावाजलेल्या बोइंग 787 ची खिडकीही जेमतेम 47 सेंटिमीटर उंच आहे.

आजच्या खिडकीत साधारणपणे तीन तावदाने असतात. बाहेरचे दाब पेलते, मधले त्याला आधार म्हणून असते, आणि प्रवाशाचा हात लागतो ते आतले केवळ ओरखडे झेलते. मधल्या तावदानाला खालच्या बाजूस बारीक छिद्र असते. त्यातून दोन्हीकडचा दाब सारखा राहतो आणि बाष्पही कमी धरते. उंचीवर त्याच छिद्राभोवती हिमकणांची नक्षी उमटते.

खिडक्या धडाच्या सांगाड्यातील कड्यांच्या मधोमध येतात, म्हणजे साधारण अर्ध्या मीटरवर एक. आसनांच्या रांगांमधले अंतर 75 ते 80 सेंटिमीटर. हा मेळ बसत नसल्याने काही प्रवाशांच्या वाट्याला नुसती भिंत येते. बोइंग 737 मध्ये तर डाव्या अंगाला, पंखाच्या थोडे पुढे, वातानुकूलनाची नळी वर जाते, तिथे खिडकीच नसते.

म्हणून जागा निवडताना आसनाचा नकाशा पाहणे हिताचे. पंखाच्या पुढची रांग सर्वांत चांगली. मागे इंजिनाच्या तप्त झोताने दृश्य थरथरते. कोल्हापूरसारख्या विमानतळांवर उतरणाऱ्या एटीआर 72 चा पंख डोक्यावर असतो, त्यामुळे तिथे मागच्या रांगांतूनही जमीन मोकळी दिसते. सूर्याकडची बाजू टाळली की डोळे दिपत नाहीत. शिवाय सूर्याच्या विरुद्ध बाजूला, खाली ढग असल्यास, विमानाच्या सावलीभोवती रंगीत कडे उमटते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणारे इंद्रवज्र ते हेच. दिल्लीहून काठमांडूला जाताना हिमालय डावीकडे असतो, परतताना उजवीकडे. तीन-तीन आसनांच्या विमानात जाताना ‘ए’ आणि येताना ‘एफ’ अक्षराचे आसन घ्यावे.