मत्स्यपेटीतील पाणी

मत्स्यपेटीतील पाणी : घरगुती मत्स्यपेटीतील गोड्या पाण्याची रासायनिक घडण आणि ती राखण्याच्या रीती. नदीत किंवा तळ्यात माशांची घाण विरून जाते. काचेच्या पेटीत ती तिथेच साठते. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये गोल्डफिश व पाणवनस्पती एकाच भांड्यात ठेवून त्यांचा समतोल साधल्याचे मांडले. कुजणाऱ्या पानांचा बुळबुळीत थर खाण्यासाठी त्यांनी त्यात गोगलगाई सोडल्या होत्या. या समतोलातला जीवाणूंचा वाटा मात्र नंतरच्या पिढीला कळला.

मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही तो तयार होतो. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि दुसरे काही, प्रामुख्याने नायट्रोस्पायरा, नायट्राइटचे नायट्रेट करतात. पूर्वी या दुसऱ्या टप्प्याचे श्रेय नायट्रोबॅक्टरला दिले जाई. हे दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा नायट्रोस्पायरा असतो, हे २०१५ मध्ये आढळले. नव्या पेटीत ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पेटी आणली त्याच संध्याकाळी डझनभर मासे सोडण्याची घाई म्हणूनच अंगाशी येते. नायट्राइट वाढले की रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची शक्ती घटते, कल्ले तपकिरी पडतात आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करू लागतात. जीवाणू पाण्यात कमी आणि फिल्टरच्या स्पंजावर, खडीवर जास्त असतात. स्पंज नळाखाली चकचकीत धुतला की क्लोरीनने ही वस्ती मरते. तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

अमोनियाचे विष सामूवर (पीएचवर) अवलंबून असते. २५° से. तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.६ टक्के विषारी, मुक्त रूपात असतो; सामू ८ झाला की हेच प्रमाण ५ टक्क्यांवर जाते. उरलेला अमोनियम आयनाच्या, बऱ्याच अंशी निरुपद्रवी रूपात राहतो. नायट्रीकरणात आम्ल तयार होते आणि पाण्याची अल्कता, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेटांचा साठा, खर्ची पडते. महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या पेटीत हा साठा संपतो, सामू ६ च्या खाली घसरतो, जीवाणूंचे काम मंदावते आणि अमोनियम साचत जाते. मासे मात्र धडधाकट दिसतात. मग एखाद्या रविवारी मालक हौसेने अर्धी पेटी उपसून सामू ८ चे ताजे पाणी भरतो, साचलेल्या अमोनियमचा काही अंश लगेच अमोनिया बनतो आणि संध्याकाळपर्यंत मासे उलटे तरंगू लागतात. दोष नळाच्या पाण्यावर जातो. अशी जुनी पेटी रोज थोडे थोडे पाणी बदलूनच सावरावी लागते.

तपासणीसाठी थेंबांचे संच मिळतात. अमोनियाच्या प्रचलित संचात परीक्षानळीतले पाणी पिवळे राहिले तर ठीक. हिरवी झाक आली की खाद्य थांबवून थोडे पाणी बदलावे. एरवी आठवड्याला पाव पेटी पाणी बदलणे पुरते. नायट्रेट त्यानेच आटोक्यात राहते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन उघड्या बादलीत दिवसभर ठेवल्यास बहुतांशी उडून जातो. घाई असेल तर दुकानदार ज्याला ‘हायपो’ म्हणतात ते सोडियम थायोसल्फेट वापरतात. क्लोरामिन मात्र नुसते ठेवून जात नाही. उन्हाळ्यात कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, त्यामुळे वीज जाऊन पंप बंद पडणे तेव्हा अधिक घातक ठरते.

सामू विशिष्ट आकड्यावर आणण्यासाठी बाटल्यांतली रसायने ओतत राहणे हा छंदातला सर्वात महागडा गैरसमज होय. अल्कता टिकून असेल तर सामू ७ असो वा ७.८, बहुतेक पाळीव मासे रुळतात. सोसत नाहीत ते एका दिवसातले चढउतार. आरओचे पाणी एकटे वापरू नये. त्यात सामू सावरणारे क्षार जवळजवळ नसतात. सह्याद्रीतल्या पावसावर भरणाऱ्या धरणांचे पाणी साधारणतः मृदू, तर दख्खनच्या खडकातले बोअरचे पाणी बहुधा जड असते. जड पाण्यात गप्पी आणि मोली, मृदू पाण्यात टेट्रा सुखाने राहतात. नवशिक्याने आधी घरचे पाणी तपासावे आणि मग त्याला मानवतील तेच मासे आणावेत.