जमीन हलली, पण मारलं भिंतींनी

२०२५ च्या एप्रिलमध्ये सांगोल्याजवळ २.६ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का नोंदला गेला. धक्का लहानच होता, पण तेव्हापासून गटाच्या बैठकीत एक प्रश्न सारखा येतो. आपल्याकडं किल्लारीसारखं पुन्हा होईल का? याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. म्हणून आज आम्ही भूकंपाचा थोडा इतिहास सांगणार आहोत. तो ऐकल्यावर आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे नीट कळेल.

आधी जमीन का हलते ते बघू. पृथ्वीचं वरचं कवच अखंड नाही. तापलेल्या दुधावरची साय मोडून तिचे तुकडे व्हावेत, तसे त्याचे मोठमोठे तुकडे आहेत. आपला देश ज्या तुकड्यावर आहे तो उत्तरेकडं सरकतो आहे, वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर. उत्तरेला तो आशियाच्या तुकड्यावर आदळला आणि त्या रेट्यानं हिमालय वर आला. पूर्वेला अंदमान आणि सुमात्रा बेटांजवळ मात्र तो वाकून दुसऱ्या तुकड्याच्या खाली घुसतो. हे घुसणं रोज थोडं थोडं होत नाही. पावसाळ्यात फुगलेलं दार आपण ढकलत राहतो, ते हलत नाही आणि मग एकदम धाडकन उघडतं. तसंच तिथं होतं. शेकडो वर्षं कडा एकमेकींत अडकून राहतात, ताण साठत जातो आणि एक दिवस सुटतो.

२६ डिसेंबर २००४ ला तो असाच सुटला. सुमात्रापासून अंदमानपर्यंत सुमारे १,३०० किलोमीटर लांबीची कड सरकली. भूकंप ९.१ तीव्रतेचा होता. समुद्राचं पाणी उसळलं आणि त्सुनामीनं तमिळनाडूपासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत दोन लाखांहून जास्त माणसं नेली. अशीच एक कड आपल्या अरबी समुद्राच्या उत्तरेला, पाकिस्तान आणि इराणच्या मकरान किनाऱ्याजवळ आहे. २८ नोव्हेंबर १९४५ ला तिथं मोठा भूकंप झाला, तेव्हा लाटा कच्छपर्यंत आणि मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत आल्या होत्या. कोकणातल्या बहिणींनी ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. सोलापूर समुद्रापासून लांब आणि कवचाच्या कडेपासूनही लांब. त्यामुळं तसला धोका आपल्याला नाही.

मग किल्लारीला काय झालं? आपलं दख्खनचं पठार म्हणजे काळ्या खडकाचा जाड थर. हा खडक हलायचा नाही, असं जाणकारसुद्धा धरून चालले होते. १९६७ च्या ११ डिसेंबरला कोयनानगरला मोठा भूकंप झाला, पण त्याचं नातं धरणाच्या पाण्याशी जोडलं गेलं. किल्लारीचा परिसर सरकारी नकाशात सर्वात कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल भोक पाडून पाहिलं. काळा खडक साधारण ३३८ मीटरवरच संपला आणि त्याच्याखाली कितीतरी जुना खडक लागला. अशा जुन्या खडकात फार पूर्वीच्या भेगा असतात. तिकडं हिमालयाशी जो रेटा चालू आहे, त्याचा दाब सगळ्या पठारातून पोचत असतो. एखादी जुनी भेग तो सहन करत राहते आणि कधीतरी सरकते. कडेवरच्या भूकंपांपेक्षा हे फार क्वचित होतं, पण होतं.

आणि हे पहिल्यांदाच झालं असंही नाही. धाराशिव जिल्ह्यातलं तेर आपल्याला संत गोरोबाकाकांचं गाव म्हणून ठाऊक आहे. त्याआधी ते तगर नावाचं मोठं व्यापारी शहर होतं. किल्लारीनंतर भूवैज्ञानिकांनी तिथली जमीन आणि जुनी बांधकामं तपासली. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी तिथं मोठा भूकंप झाला असावा, अशा खुणा त्यांना मिळाल्या. दीड हजार वर्षं म्हणजे किती पिढ्या! कोणत्या आजीनं कोणत्या नातीला सांगायचं? आठवण पुसली गेली आणि घरं बांधताना भूकंपाचा विचार करायची रीतच उरली नाही.

१९९२ च्या शेवटी किल्लारी भागात छोटे छोटे धक्के बसले. काही घरांना तडे गेले, लोक घाबरले. मग धक्के थांबले आणि भीतीही कमी झाली. पुढच्या वर्षी गणपती विसर्जनाची रात्र होती. लोक मिरवणुकीतून थकून घरी आले आणि झोपले. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावं काही सेकंदांत ढिगारा झाली. जखमींना लातूर, उमरगा आणि सोलापूरच्या दवाखान्यांत आणलं गेलं. साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. किल्लारी सोलापूर शहरापासून सरळ रेषेत ९० किलोमीटरच्या आत आहे. आमच्यातल्या ज्या तेव्हा जाणत्या होत्या, त्यांना भांडी वाजलेली अजून आठवतात.

आता एक तुलना ऐका. किल्लारीचा भूकंप ६.२ तीव्रतेचा होता. २७ फेब्रुवारी २०१० ला दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला. तो देश तर कवचाच्या कडेवरच बसला आहे. त्या भूकंपात किल्लारीच्या सुमारे आठ हजार पट ऊर्जा बाहेर पडली. तरी तिथं त्सुनामी धरून सव्वापाचशेच्या आसपास माणसं गेली. असं का? चिलीनं १९६० मध्ये ९.५ तीव्रतेचा, आजवर मोजलेला सर्वात मोठा भूकंप पाहिला होता. तिथं घरं कशी बांधायची याचे नियम कडक आहेत आणि ते पुष्कळसे पाळलेही जातात. आपल्याकडं माणसं जमिनीनं मारली नाहीत. ती भिंतींनी मारली.

ती भिंत आपल्या ओळखीची आहे. दोन-अडीच फूट रुंद, दगड आणि मातीची. बाहेरून एक पदर, आतून एक पदर आणि मधे कपच्या आणि मातीचा भराव. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड फार कमी ठिकाणी असतो. वर माळवद. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला आपण त्यावर माती टाकतो. वर्षानुवर्षांची ती माती साठून छताचं वजन कितीतरी वाढतं. जमीन हलली की भिंतीचे पदर सुटतात, एक आत पडतो, एक बाहेर आणि वरून माती कोसळते. किल्लारीत अनेक घरांचे लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या होत्या, भिंती मात्र पडल्या होत्या. उन्हाळ्यात थंडावा देणारी हीच भिंत त्या पहाटे झोपलेल्यांच्या अंगावर आली.

पुढं जे झालं त्यात बायकांचा मोठा वाटा आहे. त्याची आठवण मात्र फारशी काढली जात नाही. जागतिक बँकेच्या कर्जातून १९९४ ते १९९८ या काळात राज्य सरकारनं भूकंप पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम राबवला. पूर्ण पडलेली गावं नव्या जागी वसवली गेली. लातूर, धाराशिव आणि आपल्या सोलापूरसह आसपासच्या जिल्ह्यांत ज्या घरांना तडे गेले होते, त्यांना दुरुस्ती आणि मजबुतीसाठी मदत मिळाली. पैसा आला, पण मजबुती म्हणजे काय हे घराघरांत कोण सांगणार? प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना संवाद सहायक म्हणून पुढं आणलं. ज्यांनी कधी ग्रामसभेत तोंड उघडलं नव्हतं, त्या घरोघरी जाऊन योजना समजावू लागल्या. काम नीट होतंय का ते बघू लागल्या, अडलं तर इंजिनियरला बोलवू लागल्या. पुढं २००१ च्या भुजच्या भूकंपानंतर आणि २००४ च्या त्सुनामीनंतर याच भागातल्या बायका गुजरातेत आणि तमिळनाडूत गेल्या आणि तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगून आल्या.

आज त्या बायका साठी-सत्तरीच्या झाल्या आहेत. त्यांना ठाऊक असलेलं त्यांच्याबरोबर गेलं, तर तेरसारखंच पुन्हा होईल.

तेव्हा, पुन्हा होईल का? कधी आणि कुठं, हे जगात कुणालाही आधी सांगता येत नाही. मोबाइलवर कुणी तारीख पाठवली तर ती खोटी समजा. पण किल्लारीनंतर नकाशा बदलला. २००२ पासून पहिलं क्षेत्रच काढून टाकलं गेलं आणि किल्लारी, सोलापूर ही तिसऱ्या म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात आली. २१ मार्च २०२४ ला हिंगोलीत ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. तेव्हा प्रशासनानं लोकांना सांगितलं, की पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड काढून घ्या. साधी गोष्ट आहे, पण जीव वाचवणारी आहे. पत्रे हूक-नटानं आवळता येतात.

तशाच आणखी काही गोष्टी आहेत. दगड-मातीची भिंत पोटासारखी फुगली असेल, तर तिचे पदर सुटायला लागले आहेत असं समजा आणि तिच्याजवळ झोपू नका. जाणकार गवंड्याकडून भिंतीत अंतराअंतरावर आरपार भोक पाडून, सळई घालून काँक्रीट भरून घेता येतं. मग दोन्ही पदर एकमेकांना धरून राहतात. माळवदावरची जास्तीची माती उतरवा. गळती थांबवायला मातीचा पातळ थर आणि त्याखाली जाड प्लास्टिकचा कागद चालतो. खांब आणि तुळई जिथं मिळतात, तिथं तिरका लाकडी टेकू मारून घ्या.

नवं घर बांधताय, घरकुल मंजूर झालंय, तर आणखी सोपं आहे. जोत्याला, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली, सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा सळईचा काँक्रीट पट्टा घ्या आणि कोपऱ्यांत उभी सळई. पाटीला घेर जसा बांधून ठेवतो, तसा तो पट्टा भिंतींना बांधून ठेवतो. गवंडी म्हणेल, "ताई, सोलापुरात कुठं भूकंप होतो? उगाच सळई वाढवताय." त्याला सांगा, किल्लारीतही हेच म्हणत होते. आणि नुसता स्लॅब टाकला म्हणजे घर पक्कं झालं, असंही समजू नका. २००१ ला भुजपासून दोनशे किलोमीटरहून जास्त लांब अहमदाबादेत काँक्रीटच्या उंच इमारतीसुद्धा पडल्या.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एक काम करा. गटातल्या प्रत्येकीनं आपल्या घराच्या भिंती, छत आणि झोपायची जागा कशी आहे ते सांगायचं. वहीत त्याचं एक पान करायचं. कुणाची भिंत फुगली आहे, कुणाच्या पत्र्यावर दगड आहेत, कुणाचं घरकुल सुरू आहे, हे त्यात लिहायचं. दुरुस्तीला अंतर्गत कर्ज देताना त्या पानावरून कुणाला आधी द्यायचं ते ठरवा. आणि गावात किल्लारीच्या वेळी काम केलेली एखादी मावशी असेल, तर तिला त्या दिवशी मानानं बोलवा आणि तिचं ऐका.