पाठीवरचा हिशेब

घोडबंदर रस्त्याने एके काळी बंदरावर उतरलेले घोडे जात, असे सांगतात. आता रुग्णवाहिका जातात. गेल्या वर्षी अशाच एकीतून आमच्या मामांना नेले. मनगटातून बारीक नळी घालून, क्ष-किरणांच्या उजेडात, हृदयाची रक्तवाहिनी मोकळी केली. मामा वाचले. मग सांगू लागले, ‘‘डॉक्टरांच्या अंगात शिशाचा अ‍ॅप्रन, छातीवर किरण मोजणारा बिल्ला. मी आपला उघडा!’’

उघडेच असायला हवेत म्हणा. चित्र त्यांचेच काढायचे होते. पण त्यांचा हिशेब कोण ठेवतो? मास्तरकीची खोड, मी इतिहास चाळू लागलो.

राँटजेनला हे किरण 1895 च्या नोव्हेंबरात सापडले. पहिली झळ लागली ती ते हाताळणाऱ्यांना. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली स्वतःचाच हात यंत्रापुढे धरून पाही. दोन्ही हात गमावून तो 1904 मध्ये गेला. हॅम्बुर्गला 1936 साली अशा हुतात्म्यांचा स्तंभ उभारला; त्यावर तेव्हा 169 नावे होती. डॉक्टरांचे शिसे आणि बिल्ला या दुःखातून आले.

रोग्याची पाळी पुढे आली. 1964 च्या जानेवारीत अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी 82 वर्षांच्या एका वृद्धेच्या पायाची तुंबलेली रक्तवाहिनी नळीने उघडली. कापायचा पाय वाचला. सुरी मागे हटली, पण किरण तासन् तास चालू राहू लागले. 1994 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला त्वचेच्या जखमांविषयी डॉक्टरांना सावध करावे लागले. नळी सहसा टेबलाखाली असते, म्हणजे किरणांची, हृदयातली नव्हे. त्यामुळे जखम पाठीवर. तीही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उमटते. बिचारा रोगी मलम चोळत बसतो. दोहोंचा संबंध त्याच्या ध्यानातही येत नाही.

आपल्याकडे 1983 पासून अणुऊर्जा नियामक मंडळ आहे, मुंबईत अणुशक्तीनगरला. किरण लागतील तेवढेच सोडणे, झोत अरुंद ठेवणे, कोन बदलणे हे डॉक्टरांच्या हाती. नवे यंत्र मात्रेचा आकडाही दाखवते. साधारण दोन ग्रेपुढे कातडी लाल होऊ शकते.

मामांच्या कागदांत तो आकडा नव्हता. मी विचारला, तंत्रज्ञाने काढून लिहून दिला. दोन ग्रेच्या आत होता. तरीही परवा नरकचतुर्दशीला उटणे लावताना मामींनी चष्मा चढवून मामांची पाठ पाहिली.