बाईच्या हातचा कागद

आम्ही जुनी दप्तरं जपायचं शिक्षण घेतो. रोज मऊ कुंचल्यानं धूळ झाडायची, गंजलेल्या टाचण्या काढायच्या, मोडी अक्षर लावायचं. सारा, जमीन, खटले यांचे कागद ढीगभर. बाईच्या हातचं लिखाण थोडं.

आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. सगळे दोष बाईच्याच माथी का, असं त्यांनी रोखठोक विचारलं. १८८२ साली पुण्यात छापलेलं हे पुस्तक पुढं विस्मरणात गेलं. एक प्रत टिकली, म्हणून स. गं. मालशे यांना १९७५ मध्ये ते पुन्हा छापता आलं.

तुमच्या बचत गटाची ठरावाची जुनी वहीही बाईच्याच हातची. ती रद्दीत घालू नका. चिकटपट्टी न लावता सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा.