तळटीप : ‘वस्तुमान तपासून घेतले’

* जेलवर एकच ठळक पट्टा दिसला, तर प्रथिन बऱ्यापैकी शुद्ध आहे एवढेच म्हणता येते. ते हवे तेच आहे, हे पट्ट्यावरून कळत नाही. ई. कोलाय जिवाणूत बनवलेले प्रथिन निकेलच्या कॉलममधून काढताना जिवाणूचे स्वतःचे स्लायडी हे प्रथिनही, त्यातल्या भरपूर हिस्टिडीनमुळे, निकेलला चिकटते आणि २५ किलोडाल्टनच्या आसपास पट्टा उमटवते. म्हणून लेखक येथे मास स्पेक्ट्रोमीटरकडे वळतात. आधी अख्ख्या रेणूचे वस्तुमान मोजायचे. जनुकावरून काढलेल्या आकड्यापेक्षा ते १३१ डाल्टनने कमी भरले, तर बहुधा पेशीनेच सुरुवातीचे मेथिओनिन छाटलेले असते. ८०ने जास्त भरले, तर फॉस्फेट जोडला गेल्याची शंका घ्यावी. मग ट्रिप्सिनने लायसीन आणि आर्जिनीनपाशी तुकडे पाडून त्यांची वस्तुमाने ताडून पाहायची. एवढे मोठे रेणू न मोडता आयनरूपात उडवण्याच्या पद्धतींसाठी जॉन फेन आणि कोइची तानाका यांना २००२च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला. स्फटिक वाढवण्याआधी ही तपासणी झालीच पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे. ई. कोलायच्याच ॲक्रबी या पटलप्रथिनाचे स्फटिक आपल्या प्रथिनाचे समजून वाढवल्याची उदाहरणे एकाहून अधिक प्रयोगशाळांत आहेत. — संपा.