परिचर्या-शिक्षणातील सांस्कृतिक जाण : खानदेश

परिचर्या-शिक्षणातील सांस्कृतिक जाण : रुग्णाची बोली, श्रद्धा, आहार, नातीगोती व पोटापाण्याचा उद्योग ओळखून शुश्रूषा करण्याचे शिक्षण. वेगवेगळ्या समाजांतील मुलामुलींना परिचर्येच्या वर्गात व वसतिगृहात बरोबरीचे स्थान मिळणे, हेही यातच येते. खानदेशातील जळगाव व धुळे जिल्ह्यांत थोड्या अंतरावर बोली बदलते. त्यामुळे इथे निदान आणि उपचार या जाणेवर अवलंबून असतात.

संकल्पना : अमेरिकन परिचारिका व मानवशास्त्रज्ञ मॅडेलिन लायनिंगर (१९२५–२०१२) यांनी परिचर्या आणि मानवशास्त्र यांची सांगड घालून पारसांस्कृतिक परिचर्या ही शाखा उभी केली. न्यूझीलंडमधील माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी पुढे ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ हा विचार मांडला. शुश्रूषा सन्मानाने झाली की नाही, हे रुग्णानेच सांगायचे, असे त्याचे सार आहे. महाराष्ट्रात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत स्थापन केलेली ‘सर्च’ संस्था हे जवळचे उदाहरण. तिथल्या गोंड लोकांना पांढऱ्या कपड्यांतले डॉक्टर व परिचारिका पाहून प्रेतावरचे वस्त्र आठवे. त्यांना विचारून, त्यांच्या घरांच्या धर्तीवर, माँ दंतेश्वरी देवीच्या नावाने दवाखाना बांधला गेला.

प्रदेश व बोली : २०११ च्या जनगणनेनुसार धुळे जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३२ टक्के, तर जळगावात सुमारे १४ टक्के आहे. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांच्या सातपुड्याकडील भागात पावरा, भिल्ल व तडवी, तर साक्रीच्या पश्चिम भागात कोकणा, मावची व भिल्ल वस्ती आहे. मैदानी भागात अहिराणी, जळगावच्या पूर्वेकडे लेवा गणबोली, तांड्यांवर बंजारा आणि शहरांतील मुस्लिम मोहल्ल्यांत उर्दू-हिंदी चालते. देशात खानदेशी (हिच्यातच अहिराणी मोजली जाते) ही मातृभाषा असणारे लोक याच जनगणनेत सुमारे १८ लाख ६० हजार होते. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणात (१९०७) खानदेशीचा समावेश भिली भाषांच्या खंडात आहे. प्रमाण मराठी आली म्हणजे अहिराणी आलीच, असे म्हणूनच धरता येत नाही.

शिक्षणक्रम : दोन वर्षांचा एएनएम (सहायक परिचारिका व प्रसाविका), तीन वर्षांचा जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या) आणि चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग हे मुख्य अभ्यासक्रम. एएनएमला फक्त मुलींना प्रवेश असतो. इतर दोन्हींत मुलगेही शिकतात. पदवी अभ्यासक्रम नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे (स्थापना १९९८) असून राज्यातील नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषद करते. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ पासूनच्या पदवी अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात उपयोजित समाजशास्त्र आणि संभाषणात्मक इंग्रजी आहे. अहिराणी, भिली किंवा पावरी हा विषय नाही. ही उणीव सामुदायिक आरोग्याच्या क्षेत्रकार्यात, आशाताई व गावातल्या जाणत्या बायकांच्या मदतीने भरून काढता येते. ‘काय दुखस?’ एवढे विचारले तरी म्हातारी मोकळी होते. डोळ्याला ‘डोया’ म्हणतात हे विद्यार्थिनीला ठाऊक असले, तर तक्रार नोंदवताना चूक होत नाही.

प्रत्यक्ष शुश्रूषा : गरोदर मातेची नोंदणी हे याचे चांगले उदाहरण. शेवटच्या पाळीची तारीख विचारली की अनेक बायका सण सांगतात : ‘अखाजीच्या वेळी’, ‘होळीच्या आधी’. २०२४ मध्ये अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया १० मे रोजी होती. त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की प्रसूतीची अंदाजे तारीख १७ फेब्रुवारी २०२५ येते. सण दरवर्षी सरकतो, म्हणून पंचांग असलेली दिनदर्शिका टेबलावर हवी. हिशोब इथेच संपत नाही. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरात किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात, आणि फेब्रुवारीत गळीत हंगाम चालू असतो. तेव्हा मुक्काम कुठे असेल, माता-बाल संरक्षण कार्ड सोबत नेणार का, तिथला जवळचा दवाखाना कोणता, हे पहिल्याच भेटीत विचारायचे असते.

सिकलसेल आजाराच्या समुपदेशनात कसोटी आणखी कठीण असते. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे सांगताना दोष एकट्या आईच्या माथी येऊ नये आणि तपासणीचा निकाल पाड्यावर फुटू नये. मुलीचे लग्न त्यावर अडू शकते. दुभाषी म्हणून घरातल्या लहान मुलाला बसवू नये. चिकाचे दूध बाळाला पाजावे, हे सुनेइतकेच सासूलाही समजावावे लागते. रमजानमध्ये रोजा ठेवणाऱ्या मधुमेही रुग्णाच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून आधीच ठरवाव्या लागतात.

वर्गातील विविधता : महाराष्ट्रात शिक्षणात अनुसूचित जातींना १३ टक्के व जमातींना ७ टक्के आरक्षण आहे. त्यातून पाड्यावरची मुलगी वर्गात पोचते. मात्र तिच्या बोलण्याच्या ढंगाला कुणी हसले, तर ती गप्प बसते आणि वॉर्डातल्या पावरा रुग्णाशी बोलू शकणारी एकमेव व्यक्ती हरवते. शिक्षिकेने तिलाच पुढे करून रुग्णाची माहिती घ्यायला सांगावे आणि बाकीच्यांनी ऐकून शिकावे. मात्र दुभाषाचे सगळे काम कायम तिच्याच अंगावर पडू नये, इतरांनीही बोली शिकावी. परिचर्येत ‘ब्रदर’ म्हटल्या जाणाऱ्या मुलांनाही हाच न्याय लागू आहे.

मर्यादा : ‘भिल्ल असेच वागतात’ असा साचा तयार झाला, तर जाणेच्या जागी पूर्वग्रह येतो. चालीरीती घरागणिक वेगळ्या असतात, म्हणून दर वेळी विचारणे हाच खात्रीचा मार्ग. गरिबीचे खापर संस्कृतीवर फोडण्याचा धोकाही मोठा आहे. तपासणीला न आलेल्या बाईच्या नोंदीपुढे ‘ऐकत नाही’ असा शेरा मारणे सोपे असते. तिच्या पाड्यावरून एसटी किती वाजता सुटते आणि त्या दिवशीची मजुरी बुडली तर घरी चूल पेटते का, हे विचारून मग शेरा लिहिणे हे या शिक्षणाचे फलित होय.